बंद खिंडीवरची पेन्सिलरेघ

"ह्या स्की विकायला आणल्यात की पुरायला?"

ओरियानने आधी विचारलं आणि मग मान वर केली. क्रम चुकला. मान आधी वर केली असती, तर ते वाक्य घशातच अडकलं असतं… कारण टेबलापलीकडे उभा असलेला मुलगा हसत होता. बाहेरच्या भुरभुर पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर अजून तसेच होते आणि त्याच्या स्वेटरला — खोटं कशाला बोला — चीजचा सणसणीत वास येत होता.

"विकायला," तो म्हणाला. "पुरायच्या असत्या तर फावडं आणलं असतं."

प्रालॉन गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत दर ऑक्टोबरात जुन्या स्कींचा बाजार भरायचा. शुक्रवारी लोक सामान आणून देत, ओरियानसारखे हौशी स्वयंसेवक त्याला नंबराची चिठ्ठी बांधत. शनिवार-रविवार विक्री, आणि रविवारी संध्याकाळी न खपलेलं ज्याचं त्याने घेऊन जायचं. नियम एकच, पण पक्का — कुणाची वस्तू कुणी घेतली, हे कुणी कुणाला सांगायचं नाही. नाहीतर एवढ्याशा गावात वर्षभर रुसवेफुगवे!

त्या स्की खरंच म्हाताऱ्या होत्या. हिरव्या, आखूड, चढावर चालायच्या जातीच्या. म्हणजे टाच मोकळी सुटते आणि तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की माणूस बर्फावरून डोंगर चढू शकतो, तशा. आणि दोन्हींच्या टोकांवर कुणीतरी हाताने एकेक लाल डेझीचं फूल रंगवलं होतं.

"फूल कुणाचं?"

"ओडिल आत्याचं. गुडघा गेला तिचा. म्हणते, भिंतीवर टांगायला मी काय मेले नाहीये, वापरणाऱ्याला देऊन टाक."

"तुमचं नाव?"

"मारियुस. आणि तुम्ही-बिम्ही म्हणू नकोस गं, मागे शाळेतल्या बाई उभ्या आहेत की काय असं वाटतं."

ओरियानने मान खाली घालून चिठ्ठीवर नाव लिहिलं. चार अक्षरांच्या नावाला एवढा वेळ लागतो होय? पण लागला. गाव — व्हिलारे. म्हणजे लूव खिंडीच्या पलीकडे! उन्हाळ्यात गाडीने पस्तीस मिनिटं. आणि हिवाळ्यात…? हिवाळ्यात ते गाव जणू दुसऱ्या ग्रहावर. खिंड बर्फाने बंद झाली की सगळ्या डोंगराला वळसा घालून पाच तास, नाहीतर इटलीच्या बाजूने टोलच्या बोगद्यातून, आणि त्या टोलचा आकडा ऐकून चांगल्या चांगल्यांना खोकला यायचा.

मारियुसची नजर मात्र टेबलावरच्या चौकटीच्या वहीवर गेली होती. "हे काय?"

"ते खासगी आहे."

"सहा दिवस, सहा डोंगर, माणशी तीनशे युरो," त्याने उलटं वाचून दाखवलं. "तीनशेत? झोपणार कुठे, झाडावर?"

"कापुसीनच्या व्हॅनमध्ये. तिच्या बाबांची बेकरी आहे. पाव पोचवायची गाडी, मागे गादी टाकली की झालं." ओरियानचा उत्साह एकदा सुरू झाला की त्याला ब्रेक नसे. "जानेवारीतच जायचं, कारण फेब्रुवारीत शहरातल्या शाळांना सुट्ट्या लागल्या की भाव दुप्पट. मोठ्या नावाची ठिकाणं बाद. फक्त गावातल्या छोट्या लिफ्ट. जेवण म्हणजे थर्मासमधलं सूप आणि शिळा पाव, तो कापुसीनकडे ढिगाने—"

"चौथं ठिकाण काढून टाक," तो मध्येच म्हणाला. "महाग आहे. आमच्या व्हिलारेला ये. वर ओढून नेणारी एकच दोरी, तिकीट अकरा युरो. आणि ती चालवणारा माझा काका जेवल्यावर डुलक्या काढतो, म्हणजे दुपारनंतर फुकट."

"ही जाहिरात का काकाची तक्रार?"

"आमंत्रण," मारियुस म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं, कारण चीजच्या वासाचा तो धीट मुलगा कानापर्यंत लाल झाला.

ओरियानने चौथं ठिकाण खोडलं. का खोडलं? स्वस्त होतं म्हणून. अगदी तेवढंच कारण! कापुसीनने विचारलं तेव्हा तिने हेच सांगितलं, आणि कापुसीनने नुसती भुवई उचलली.

रविवारी संध्याकाळी तो स्की न्यायला आला, तर नंबर खोडलेला. खपल्या होत्या!

"कुणी घेतल्या?" त्याला खरं वाटेना.

"सांगता येत नाही. नियम आहे."

"कुणीतरी वेडाच असणार. त्या वेड्याला एकदा भेटायचंय मला."

"भेटशील," ओरियान म्हणाली आणि पैशाचं पाकीट त्याच्या हातात देऊन भराभरा खुर्च्या आवरायला लागली. न आवरायच्या खुर्च्यासुद्धा.

*

मग ऑक्टोबरचे तीन शनिवार आले. तिन्ही शनिवारी मारियुस खिंड ओलांडून आला. कधी चीजचं गोल पोचवायला, कधी टायर बदलायला. तिसऱ्या वेळी तर त्याने कारणच आणलं नाही. बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर बसून तिघं नकाशा पसरायची. तो सहलीत असणार हे कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरलं होतं.

"व्हिलारेला पोचलात की तीन रात्री आमच्या माळ्यावर झोपा," तो म्हणाला. "खाली चीजची खोली आहे. ऊब आहे. वासही आहे."

"वासाचे वेगळे पैसे?" कापुसीनने विचारलं.

"वास भेट."

ओरियान हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की तो तिच्याकडेच बघतोय. तिने पटकन रबर उचलला. खोडायला काही नव्हतं. तरी खोडलं.

"गालाला पीठ लागलंय तुझ्या," तो हळूच म्हणाला.

"कुठे?"

त्याने बोट पुढे केलं… थांबला… आणि स्वतःच्या गालावर दाखवलं. "इथे."

बस्स, एवढंच. पण घरी गेल्यावर ओरियानने कितीतरी वेळ तोंड धुतलं नाही.

नोव्हेंबर उजाडला. आता सगळं अवलंबून होतं पापांच्या नाकावर. ओरियानचे पापा, ज्योफ्रुआ, लूव खिंडीच्या रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवत. रोज सकाळी दारात उभं राहून ते हवा हुंगत, आणि ज्या दिवशी म्हणत, "झालं," त्या रविवारी खिंडीचं फाटक पडे. ते मग थेट जूनमध्ये उघडायचं. दोन्ही खोऱ्यांतली माणसं त्या शेवटच्या रविवारी वर जमत. पलीकडचे चीज आणत, अलीकडचे पाव आणि सॉसेज. अदलाबदल व्हायची, सूप व्हायचं, मग पापा शिट्टी वाजवत आणि जो तो आपापल्या बाजूने खाली उतरे. सात महिन्यांसाठी.

त्या बुधवारी पापांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "झालं."

ओरियानच्या हातातला टोस्ट खाली पडला.

त्या दुपारी तिने नकाशा पक्का केला. पेन्सिलीने रेघ ओढली — पहिला डोंगर, दुसरा, तिसरा, तिथून सरळ व्हिलारे, मग पलीकडचे आणखी दोन. तिथे गावातून फुकटची बस जायची. किलोमीटर मोजले, पेट्रोल मोजलं. माणशी दोनशे एक्याण्णव युरो! ती खुर्चीवर चढून नाचली. फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि शीळ घालत कणीक मळायला गेली.

पापा कामावरून आले. कॉफी ओतता ओतता नकाशावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"ओरियान."

"हं?"

"जानेवारीत. गाडीने. लूव खिंडीतून?"

शीळ थांबली.

"फाटकाची किल्ली कुठे असते गं आपल्या घरात?"

"…तुमच्या कोटाच्या खिशात."

"आणि कुणाची मुलगी तू?"

तिने पिठाचे हात एप्रनला पुसले. बोलणार काय? पॅरिसच्या पाहुण्याने अशी रेघ ओढली असती तर सगळं गाव हसलं असतं. पण ती! जिने बोलायला शिकायच्या आधी 'खिंड बंद' ही पाटी ओळखली होती! डोक्यात व्हिलारे इतकं जवळ येऊन बसलं होतं, की मधला अख्खा डोंगर तिला दिसलाच नाही.

पापांनी तिच्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले आणि कॉफी घेऊन बाहेर गेले.

फोन वाजला. कापुसीन.

"अगं ए महामाये! ग्रुपवर काय टाकलंयस ते? माझी पावाची गाडी उडते का?"

"माहितेय… आत्ताच कळलं…"

"मी वळशाचा हिशेब केला. जाऊन-येऊन दहा तास, पेट्रोल गगनाला. माणशी तीनशे सत्तर. माझ्याकडे नाहीत ओरियान, खरंच नाहीत. व्हिलारे काढून टाकू या. आपल्याच बाजूचे सहा डोंगर करू."

व्हिलारे काढायचं. म्हणजे माळा नाही, अकरा युरोची दोरी नाही. म्हणजे जूनपर्यंत… ओरियानला एकदम थंडी वाजली.

आणि तेवढ्यात ग्रुपवर मारियुसचा निरोप आला. तोही खिंडीखाली वाढलेला. रेघ चुकलीय हे त्याला दिसलं नसेल, असं होणारच नव्हतं. पण त्याने लिहिलं होतं एवढंच — 'मार्ग छान आहे. मला मान्य.'

*

रविवारी खिंडीत वारा असा होता की सूप चमच्यातून उडून शेजाऱ्याच्या वाटीत जात होतं. ओरियानने तीन वाट्या सूप प्यायलं आणि तिन्ही वेळा त्याच्याकडे जायचं धाडस गोळा करून पुन्हा सांडलं. शेवटी तोच आला.

"नकाशाबद्दल बोलायचं होतं," तो म्हणाला.

"अरे ती चूक होती!" ती घाईघाईने म्हणाली. "म्हणजे… उन्हाळ्याचा नकाशा होता ना, तोच डोक्यात… काही विशेष नाही. गडबडीत झालं."

"गडबडीत," तो म्हणाला.

"हो. आणि वळसा परवडत नाही. म्हणून व्हिलारे… काढतोय आम्ही."

त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. दिवा नाही, दिव्याची वात खाली करतात ना, तसं. "मग मोजलंस तर तू. बरोबरच आहे."

अगं बोल! ओरियान स्वतःवरच ओरडत होती, मनातल्या मनात. सांग त्याला, गडबड-बिडबड काही नव्हती! पण तेवढ्यात पापांची शिट्टी वाजली. गाड्या सुरू झाल्या. मारियुस त्याच्या बाजूला, ती तिच्या बाजूला. मध्ये पापा, हातात फाटकाची साखळी.

फाटक खाली येत असताना तो पलीकडून ओरडला, "ओरियान! खोडलीस का ती रेघ?"

"नाही अजून!"

"नको खोडूस!"

खण्णकन फाटक पडलं. वर बर्फाचा पहिला कण येऊन बसला.

चार दिवस काही नाही. ओरियान फोनकडे बघायची, फोन ओरियानकडे बघायचा. पाचव्या दिवशी निरोप आला.

'रेघ गाडीसाठी चूक आहे. पायांसाठी नाही. तिसऱ्या डोंगरानंतर व्हॅन फाटकाशी लावा. तुम्ही तुमच्या बाजूने चढा, मी माझ्या. खिंडीत भेटू, मग खाली व्हिलारे. खर्च शून्य. फक्त चढाच्या स्की लागतील. आहेत तुझ्याकडे?'

ओरियान उठली. पलंगाखाली वाकली. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. त्यावरचा हात न काढताच तिने उत्तर लिहिलं. 'आहेत. जुन्या.'

*

जानेवारी. तीन डोंगर झाले, सूप झालं, शिळा पाव झाला. कापुसीनच्या घोरण्याने व्हॅनच्या काचा वाजून झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी पापा हजर. खोऱ्याचा हिमस्खलनाचा इशारा त्यांनी दोनदा वाचला होता, उतार स्वतः तपासला होता, आणि बरोबर येणार म्हणजे येणार होते.

"मला नाही जमणार," कापुसीन एकदम म्हणाली. "टाचेला फोड आलाय. मोठ्ठा. उद्या बघू, बरा झाला तर येईन तुझ्या पापांबरोबर." आणि व्हॅनच्या टपावरून पावाची पिशवी काढायला टुणकन उडी मारून चढली.

"फोड आलाय ना?"

"दुसऱ्या टाचेला!"

बापलेक चढत राहिले. पट्ट्यांचा सर्र… सर्र… आवाज, आणि निळं आभाळ इतकं जवळ की टोपी लागेल. पापा मागे दहा पावलं. त्यांनी हिरव्या स्कींकडे पाहिलं होतं, टोकावरच्या फुलाकडेही पाहिलं होतं, आणि विचारलं काहीच नव्हतं. शेवटच्या वळणाशी ते थांबले.

"माझ्या बुटाची पट्टी सैल झालीय," ते म्हणाले. "तू हो पुढे. मला इथून सगळं दिसतंय." मग जरा थांबून, "म्हणजे उतार दिसतोय. बाकीचं मी बघत नाही."

"पापा…"

"जा गं. पोरगा गारठेल."

ती वर पोचली तेव्हा मारियुस आधीच आलेला होता. गालांवर ऊन, हातात थर्मास. दुरूनच ओरडला, "आमच्या बाजूचं सूप! आणि सांगतो, तुमच्यापेक्षा शंभर पट—"

आणि वाक्य तिथेच राहिलं. तो तिच्या पायांकडे बघत होता. हिरवा रंग. टोकावर लाल डेझी.

वारासुद्धा गप्प झाला. निदान ओरियानला तरी तसं वाटलं.

"या तर…"

"वेड्याला भेटायचं होतं ना तुला?" तिने एक स्की उचलून दाखवली. "ही घे, आली."

"पण तेव्हा… तेव्हा तर तू मला फक्त दोनदा पाहिलं होतंस!"

"एकदाच. शनिवारी दुपारीच घेतल्या. रविवारी तू दुसऱ्यांदा आलास." ती धाप टाकत होती, पण आता थांबायचं नव्हतं. नोव्हेंबरात थांबली होती, पुरे झालं. "आणि ऐक, ती रेघ गडबडीत नव्हती आली. उन्हाळ्याचा नकाशा वगैरे सगळं खोटं. मला खिंड दिसलीच नाही, मारियुस. मी तुझ्या गावाला रेघ ओढत होते आणि मधे काही आहे हेच मी विसरले. फाटकवाल्याची मुलगी असून!"

 मारियुसने थर्मास बर्फात रोवला, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बोट पुढे केलं. या वेळी ते मध्ये थांबलं नाही. तिच्या गालावर टेकलं, अगदी तिथेच, जिथे ऑक्टोबरात पीठ होतं.

"मला दिसली होती," तो म्हणाला. "चूक. लगेच. म्हणून तर लिहिलं, मान्य. त्या रेघेसाठी मी खिंडच उकरून काढली असती गं…"

"फावड्याने?"

"फावड्याने."

दोघं एकदम हसली, आणि हसता हसता कपाळाला कपाळ कधी टेकलं ते कळलंच नाही.

"नकाशा आणलायस?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "पेन आहे माझ्याकडे. पेन्सिल पुसते. पक्की करू."

तिने जाकिटाच्या आतून नकाशा काढला, बर्फावर पसरला, गुडघ्याने दाबून धरला. त्याने पेन टेकवलं. ओढलं. काहीच उमटेना. पुन्हा ओढलं. शाई गोठली होती!

"आता?"

"ऊब द्यायला हवी," ओरियान म्हणाली. तिनेही हातमोजे काढले. पेन त्याच्या तळहातात, त्यावर तिचा तळहात, आणि वर त्याचा दुसरा. खाली वळणावर पापा पाठ करून उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कुणासाठी कोण जाणे, शीळ घालत होते.

शाई केव्हाच वितळली होती. तिचा एक निळा थेंब ओरियानच्या बोटावर आला, तो दोघांनीही पाहिला.

"झाली वाटतं," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ."